अंगठा वर की खाली? छोट्या गेमविषयी खेळणाऱ्यांच्या मतांचा आढावा

२०२४ या एका वर्षात ‘स्टीम’ या संगणकावरच्या गेमच्या दुकानात १८ हजारांहून अधिक नवे गेम दाखल झाले. म्हणजे रोज पन्नासच्या आसपास. त्यांतले बरेचसे एकट्याने किंवा दोन-चार जणांनी मिळून केलेले असतात. त्यांच्यामागे जाहिरातीचा पैसा नसतो, त्यांची परीक्षणे सहसा छापून येत नाहीत. मग असा गेम घ्यायचा की नाही हे माणूस ठरवतो कशावरून? आधी खेळलेल्यांनी काय लिहून ठेवले आहे त्यावरून. या मतांना आता एवढे वजन आले आहे की ती कशी तयार होतात, कशाला दाद देतात आणि कशाकडे त्यांची नजर जात नाही, हे एकदा नीट पाहून घ्यायला हवे.

छोट्या स्वतंत्र गेमचा पसारा मोठा आहे. इथे मी दोनच प्रकार घेतले आहेत: कोड्यांचे गेम आणि आर्केड पद्धतीचे गेम. पहिल्यात वेळ हवा तेवढा असतो, अडते ते डोके. दुसऱ्यात काय करायचे ते लगेच कळते, पण हात वेळेवर चालत नाही. दोन्हींत नियम थोडे, चित्रे साधी, करायला माणसे कमी. त्यामुळे दुकानात ते शेजारी-शेजारी मांडले जातात आणि त्यांच्यावरची मतेही एकाच पद्धतीने गोळा होतात. गेल्या पंधरा-सतरा वर्षांतले वाद चाळताना माझे मत असे झाले आहे की अर्धी गफलत इथेच आहे. आर्केड गेमविषयी पहिल्या दहा मिनिटांत झालेले मत बहुधा टिकते. कोड्यांच्या गेमविषयीचे मत उशिरा पिकते. माप मात्र दोघांना एकच लावले जाते. हे सर्वांना मान्य नाही, आणि न मानणाऱ्यांची कारणेही दमदार आहेत. ती ओघात येतीलच.

नाण्यापासून अंगठ्यापर्यंत

खेळणाऱ्याने मत नोंदवायची पहिली सोय म्हणजे नाणे. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका बारमध्ये अटारी कंपनीने ‘पाँग’चे यंत्र ठेवले. थोड्याच दिवसांत ते बंद पडले. ते तयार करणारे अभियंते अ‍ॅलन अल्कॉर्न बघायला गेले, तर बिघाड कसला नव्हताच. नाण्यांची पेटी ओसंडून वाहत होती. आर्केड गेमची सगळी घडण या पेटीने केली आहे. खेळ लवकर संपला पाहिजे, पण ‘अजून एकदा’ असे वाटायला लावून संपला पाहिजे.

कोड्यांची वाट वेगळी. जपानमध्ये हिरोयुकी इमाबायाशी यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘सोकोबान’ केला. गोदामातला हमाल खोकी ढकलू शकतो, ओढू शकत नाही. खोके कोपऱ्यात गेले की अडकले. आजच्या कितीतरी कोडे-गेमचे मूळ या एका नियमात सापडते. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी ‘टेट्रिस’ केला आणि दोन्ही वाटा क्षणभर एकत्र आल्या: विचार कोड्याचा, घाई आर्केडची.

आपल्याकडे हे खेळ करणाऱ्यांच्या नावानिशी आलेच नाहीत. जत्रेत मिळणारा ‘९९९९ इन १’ ब्रिक गेम म्हणजे टेट्रिसच होता, पण पाजितनोव हे नाव कोणी ऐकले नव्हते. पुढे सायबर कॅफेत मिनिक्लिपवरचे गेम खेळले गेले, तेही निनावी. ‘भारी आहे’ किंवा ‘बोअर आहे’ एवढेच मत शेजारच्या खुर्चीपर्यंत जायचे. गेम कोणी केला, त्याला काय म्हणायचे होते, हा प्रश्नच पडत नसे. आजही बहुसंख्य मते अशीच लिहिली जातात आणि त्यात गैर काही नाही. पण करणारा माणूस ती वाचतो, हा बदल मोठा आहे.

अमेरिकेतल्या ‘न्यूग्राउंड्स’ या संकेतस्थळावर २००० पासून कोणालाही आपला फ्लॅश गेम चढवता येऊ लागला आणि पाहणाऱ्यांनी गुण कमी दिले तर तो काढूनही टाकला जाई. त्यानंतरचा टप्पा २००८ चा. ऑगस्टमध्ये एक्सबॉक्सवर जोनाथन ब्लो यांचा ‘ब्रेड’ आला, त्याच वर्षी दोघांनी मिळून केलेला ‘वर्ल्ड ऑफ गू’ आला आणि छोट्या गेमकडे गंभीरपणे पाहायची सवय लागली. मग स्टीमने तीन गोष्टी केल्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये ग्राहकांना मत लिहायची सोय दिली: अंगठा वर किंवा खाली, आणि सोबत मजकूर. जून २०१५ मध्ये पैसे परत देण्याचा नियम आणला: खरेदीला चौदा दिवस व्हायच्या आत आणि खेळणे दोन तासांच्या आत असेल तर पूर्ण रक्कम परत. जून २०१७ मध्ये शंभर डॉलर भरून कोणालाही गेम विकायला ठेवण्याची मुभा दिली. आजचे जवळपास सगळे वाद या तीन निर्णयांच्या चौकटीत चालतात.

किंमत आणि लांबी

सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट वाद पैशाचा. ‘ब्रेड’ची किंमत पंधरा डॉलर होती आणि तो पाच-सहा तासांत संपे. डाउनलोड करायच्या गेमला दहा डॉलरची सवय झालेल्यांनी त्यावरून गहजब केला. पुढे २०१६ मध्ये ब्लो यांनी ‘द विटनेस’ चाळीस डॉलरना आणला, तेव्हा पुन्हा तेच. मात्र पहिल्याच आठवड्यात त्याची विक्री पन्नास लाख डॉलरच्या वर गेल्याचे त्यांनी जाहीर केले. त्याच वर्षी स्टीफन लाव्हेल यांचा ‘स्टीफन्स सॉसेज रोल’ आला. दिसायला ओबडधोबड, काम एकच, सॉसेज ढकलून दोन्ही बाजूंनी भाजायचे. किंमत तीस डॉलर. चित्र पाहून हसणाऱ्यांची आणि खेळून थक्क झालेल्यांची मते एकाच पानावर वाचायला मिळतात.

मोबाइलवर हा वाद अधिक कडवट झाला. लंडनच्या अस्टू कंपनीचा ‘मॉन्युमेंट व्हॅली’ एप्रिल २०१४ मध्ये चार डॉलरना आला. दहा लेव्हल, साधारण दीड तासाचा खेळ. अशक्य भूमितीच्या इमारती बोटाने फिरवायच्या आणि इडा नावाच्या मुक्या राजकन्येला वाट काढून द्यायची. लोकांनी तो डोक्यावर घेतला. नोव्हेंबरमध्ये कंपनीने आठ नव्या लेव्हलची ‘फरगॉटन शोअर्स’ ही पुरवणी दोन डॉलरना काढली आणि एक-तारा मतांचा पाऊस पडला. तक्रार गेमबद्दल नव्हती. पुरवणीला पैसे का, एवढीच होती. पुढे कंपनीने आपले आकडे खुले केले. मूळ गेमला आठ लाखांहून अधिक डॉलर खर्च आला होता आणि अँड्रॉइडवर असलेल्या प्रतींपैकी जेमतेम पाच टक्क्यांचे पैसे मिळाले होते. आठवडाभराची कॉफी फुकट मागत नाही आणि दोन डॉलरवर मात्र रुसतो, असे खेळणाऱ्याला सुनावणारे लेख तेव्हा बरेच आले. मला ते पटले नाहीत. ज्या दुकानात बहुतेक सगळे फुकट मांडलेले असते, तिथे किमतीची चीड ही त्या दुकानाने लावलेल्या सवयीतून येते.

इथे तीन बाजू आहेत. पहिली म्हणते, पैसे माझे आहेत, तास मोजण्याचा हक्कही माझा. पगारातून महिन्याला एखादाच गेम घेणाऱ्यासाठी हा हिशेब उथळ नाही. दुसरी बाजू करणाऱ्यांची: लांबी वाढवायला सांगाल तर आम्ही पाणी घालू, चांगले कोडे एकदाच सुटते आणि तेच त्याचे मोल. तिसरी बाजू मला जास्त न्याय्य वाटते. ती म्हणते की लांबी किती यापेक्षा सांगितली होती किती, हे पाहा. टोरांटोच्या व्हिसाई गेम्सचा ‘वेनबा’ (२०२३) हे त्याचे चांगले उदाहरण. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट, आणि कोडी सगळी स्वयंपाकघरातली. आईच्या वहीतल्या पाककृती पुसट झालेल्या असतात, तुटक मजकुरावरून क्रम लावायचा. इडलीपात्राच्या थाळ्या कशा रचल्या तर वाफ वरपर्यंत जाईल, हे पहिल्यांदा जुळवताना आपल्याकडच्या माणसाला कोडे असे वाटतच नाही. टोरांटोतल्या शेजाऱ्याला वाटते. गेम दीड तासात संपतो. ‘कोडी फारच सोपी’, ‘आत्ता कुठे सुरू झाला होता’ अशी मते पडली. आणि याच गेमला २०२४ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचे सर्वोच्च पारितोषिक आणि पदार्पणासाठीचे ब्रिटनचे बाफ्टा पारितोषिक मिळाले.

दोन तासांच्या नियमाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. २०२१ मध्ये ‘समर ऑफ ’५८’ या छोट्या भयगेमच्या कर्त्याने जाहीर केले की खेळणारे गेम पूर्ण करतात, चांगले मत लिहितात आणि दोन तासांच्या आत संपल्यामुळे पैसेही परत घेतात. म्हणून आपण काम थांबवत आहोत. भयगेमची गोष्ट छोट्या कोडे-गेमलाही जशीच्या तशी लागू आहे. ग्राहक-हक्काच्या दृष्टीने नियम चांगला आहे, हे दोन्ही बाजू मान्य करतात. फसव्या आणि मोडक्या गेमपासून त्याने लोकांना वाचवले आहे. लांबीप्रमाणे मुदत बदलावी, अशी सूचना अनेकदा झाली; स्टीमने ती उचललेली नाही.

हाताला लगेच कळते, डोक्याला उशिरा

टेरी कॅव्हना यांचा ‘सुपर हेक्सागॉन’ (२०१२) घ्या. मध्ये एक षटकोन, त्याभोवती फिरणारा इवलासा त्रिकोण, बाहेरून मिटत येणाऱ्या भिंती. दोनच कळा, डावी आणि उजवी. पहिला डाव चार-पाच सेकंदांत संपतो. बाईचा आवाज ‘गेम ओव्हर’ म्हणतो आणि तुम्ही चिडायच्या आत पुढचा डाव सुरू झालेला असतो. साठ सेकंद टिकलात की लेव्हल जिंकली. दहा मिनिटांत प्रत्येकाचे मत झालेले असते, आणि शंभर तास खेळलेल्याचे मत त्याहून फार वेगळे नसते. तो तेच जास्त बारकाव्याने सांगतो. कळ दाबली आणि त्रिकोण हलला यांतले अंतर, आवाजाचा ताल, चूक माझी होती याची खात्री, हे हाताला तत्काळ कळते.

यावर एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. हाताला फसवताही येते. २०१२ मध्ये मार्टिन योनासन आणि पेत्री पुरहो यांनी एका व्याख्यानात विटा फोडायचा साधा गेम घेतला आणि नियमाला हात न लावता त्यात फक्त पडद्याचे थरथरणे, उडणारे कण, आवाज, लवचिक हालचाली भरत नेल्या. गेम बघता बघता जिवंत झाला. गेम करणारे याला ‘जूस’ म्हणतात. टीकाकार म्हणतात की आज पहिल्या दहा मिनिटांत मिळणारी दाद बरीचशी या जूसला असते. आत खेळ पोकळ असला तरी ते लक्षात यायला दिवस जातात. खरे आहे. तरी मला वाटते, जूसने आलेली दाद आठवड्यात ओसरते आणि ते मतांतही उमटते, कारण खेळणारा परत येत नाही.

कोड्याचे गणित निराळे. जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वीब यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कोडी सोडवणाऱ्यांना दर पंधरा सेकंदांनी विचारले, उत्तराच्या किती जवळ आलात असे वाटते? बीजगणिताच्या उदाहरणांत जवळ आल्याची भावना पायरीपायरीने वाढत गेली. पण ज्या कोड्यांचे उत्तर एकदम सुचते, त्यांत शेवटच्या क्षणापर्यंत माणसाला आपण जवळ आहोत याचा पत्ताच नव्हता. सुचायच्या पंधरा सेकंद आधीही तो अडलेलाच होता. चांगल्या कोडे-गेमची अडचण नेमकी ही आहे. पाऊण तास एकाच लेव्हलवर बसलेला माणूस मत लिहायला घेतो तेव्हा त्याला प्रामाणिकपणे वाटते की गेम कंटाळवाणा आहे. तोच माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना उत्तर सुचले तर नेमके उलट लिहील.

फिनलंडच्या आर्व्ही तेइकारी यांचा ‘बाबा इज यू’ (२०१९) या बाबतीत बोलका आहे. नॉर्डिक गेम जॅम या गेम करण्याच्या मेळाव्यात २०१७ साली सुरू झालेला हा गेम ‘सोकोबान’च्याच वंशातला, पण इथे ढकलायचे असतात ते नियमांचे शब्द. पडद्यावर तीन-तीन ठोकळे मांडलेले असतात: ‘बाबा इज यू’, ‘वॉल इज स्टॉप’, ‘फ्लॅग इज विन’. भिंत अडवते आहे? मग ‘स्टॉप’ हा ठोकळा बाजूला सारा, भिंत अडवणे बंद करते. निशाण पोचण्यासारखे नाही? ‘वॉल इज विन’ जुळवा आणि भिंतीला जाऊन चिकटा. पहिल्या अर्ध्या तासात सगळेच खूश असतात. मते तिथलीच असतील तर एकमुखी कौतुक मिळते. खरे मतभेद पुढे, दोनशेहून अधिक लेव्हलच्या मधल्या भागात सुरू होतात. तिथे पोचलेल्यांपैकी काही म्हणतात की गेम अमानुष झाला, काही म्हणतात की इथेच तो उघडला. म्हणजे कोड्याच्या गेमविषयीचे लवकर झालेले मत दोन्ही बाजूंनी चुकू शकते, स्तुतीचेही.

स्तुती कशी चुकते याचे उदाहरण ‘इंडी गेम: द मूव्ही’ (२०१२) या माहितीपटात आहे. ‘ब्रेड’ची वाहवा होत असताना जोनाथन ब्लो खिन्न झाले होते, कारण आपण गेममध्ये जे घातले ते लोकांना दिसलेच नाही असे त्यांना वाटत होते. याच माहितीपटात सोल्जा बॉय हा रॅपर ‘ब्रेड’ खेळताना दिसतो: उडी मारायची, पडायचे, काळ मागे फिरवायचा आणि खदखदून हसायचे. त्याची तेव्हा टिंगल झाली. मला त्याचे मत खोटे वाटत नाही. काळ मागे फिरवण्याची गंमत हाताला लगेच कळणारी आहे आणि त्याने तिला मोकळी दाद दिली. कोड्यांपर्यंत तो गेला नाही, एवढेच.

दुसरी अडचण शिष्टाचाराची. कोड्याची थोरवी सांगायची तर कोडे फोडावे लागते. म्हणून जाणकार खेळणारे लिहितात, ‘काही वाचू नका, सरळ खेळा.’ ‘द विटनेस’च्या बेटावर पाचशेहून अधिक कोडी आहेत, खेळाचे नियम शिकवणारी एकही लेखी सूचना नाही, आणि त्याची सर्वांत मोठी गोष्ट कोणती हे मीही इथे लिहिणार नाही. परिणाम असा की तक्रार तपशीलवार असते आणि कौतुक मुके. वाचणाऱ्याला तक्रारच जास्त पटते.

याविरुद्धचे म्हणणेही मांडले पाहिजे. अनेक अनुभवी खेळणारे आणि करणारे सांगतात की दोन तासांत ज्याला माणूस धरून ठेवता येत नाही, त्या कोडे-गेमची शिकवण कच्ची आहे. पहिल्या लेव्हल खेळणाऱ्याला पुढची भाषा शिकवतात. तिथेच माणूस गळत असेल तर दोष उतावीळपणाला देऊ नये. ‘उशिरा पिकते’ ही सबब होऊ शकते, हे मला मान्य आहे.

अवघडपणा कोणासाठी

२०१८ च्या ‘सेलेस्ट’ने अवघडपणाचा वाद सभ्य पातळीवर आणला. डोंगर चढणाऱ्या मॅडलिनचा हा अत्यंत अवघड उड्यांचा गेम. त्यात ‘असिस्ट मोड’ आहे: वेग कमी करा, दम अमर्याद घ्या, हवे तर मरणच बंद करा. करताना या सोयीचे नाव ‘चीट मोड’ होते, मग बदलले. एका गटाचे म्हणणे, अवघडपणा हाच अनुभव आहे. तो कमी केला तर चढलात कुठे? दुसऱ्या गटात हाताचे दुखणे असलेले, वय झालेले, रोज अर्धाच तास मिळणारे लोक आहेत. त्यांनी लिहिले की या सोयीमुळे आम्ही पहिल्यांदा असा गेम पूर्ण केला. ‘सेलेस्ट’पुरता वाद मिटल्यासारखा आहे, कारण सोय घेणाऱ्यामुळे न घेणाऱ्याचे काहीच कमी होत नाही.

कोड्यांत मात्र तो मिटत नाही. आर्केडमध्ये वेग अर्धा केला तरी खेळ उरतो. कोड्यात सूचना वाचली की ते कोडे कायमचे गेले. म्हणून काही गेम टप्प्याटप्प्याने इशारे देतात, काही मुद्दाम काहीच देत नाहीत आणि खेळणारे यूट्यूबवर उत्तर बघतात. उत्तर बघून पुढे गेलेल्याचे मत कशाविषयीचे धरायचे, यावर एकमत नाही.

मूळ कोणाचे

फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांनी ‘थ्रीज’ आणला. आकडे सरकवून जुळवायचे. चौदा महिने घासूनपुसून केलेला गेम, किंमत दोन डॉलर. मार्चमध्ये इटलीतल्या १९ वर्षांच्या गाब्रिएले चिरुल्ली याने शनिवार-रविवारात ‘२०४८’ करून फुकट आणि खुला ठेवला. तो जगभर पसरला, आपल्याकडेही लोकलमध्ये आणि ऑफिसात बोटे सरकू लागली. पुढे ‘थ्रीज’वर मते येऊ लागली की ही ‘२०४८’ची नक्कल आहे. कर्त्यांनी आपला सगळा पत्रव्यवहार प्रसिद्ध करून दाखवले की प्रत्येक नियम का आणि कसा ठरला.

त्यांचा दावा असा की ‘२०४८’मध्ये ठरावीक दिशांना बोट फिरवत राहिले तरी बरेच पुढे जाता येते, ‘थ्रीज’मध्ये तसे चालत नाही. कोड्याचा गेम म्हणून ‘थ्रीज’ सरस आहे, याविषयी मला शंका नाही. पण ‘२०४८’ खेळणाऱ्यांची मतेही खोटी नव्हती. त्यांना डोक्याला ताण न देणारा, फुकट, कुठेही उघडणारा खेळ हवा होता. नियमांवर मालकी सांगता येत नाही, हे कायद्यात बऱ्याच अंशी ठरलेले आहे. नैतिक बाजू उघडीच आहे. ‘वर्डल’ने तिला आणखी एक वळण दिले. जॉश वॉर्डल यांच्या या शब्द ओळखण्याच्या गेमचे २०२२ च्या सुरुवातीला असंख्य भाषांत अवतार निघाले, मराठीतही. तिथे काना-मात्रा आणि जोडाक्षरे एका घरात कशी बसवायची हा नवाच प्रश्न सोडवावा लागला. त्याला नक्कल म्हणणे जड जाते.

नशीब आणि चटक

हनोईच्या डाँग ग्युएन यांनी २०१३ मध्ये केलेला ‘फ्लॅपी बर्ड’ २०१४ च्या जानेवारीत अचानक उसळला आणि फेब्रुवारीत त्यांनी तो स्वतःच काढून टाकला. लोकांना त्याचे व्यसन लागत आहे, हे कारण त्यांनी दिले. ‘मला सोडवत नाही’ हे मत स्तुतीचे की तक्रारीचे? तेव्हापासून हा प्रश्न उभा आहे. लुका गलांते यांच्या ‘व्हँपायर सर्व्हायव्हर्स’ला २०२३ मध्ये सर्वोत्कृष्ट गेमचे बाफ्टा मिळाले, तेव्हा काहींनी त्यात जुगाराच्या यंत्राची रोषणाई पाहिली, तर काहींनी आर्केडचा अस्सल वारसा.

२०२४ च्या ‘बलाट्रो’ने वाद वयोगट ठरवणाऱ्या संस्थेपर्यंत नेला. पत्त्यांतल्या पोकरचे हात घेऊन केलेला हा एका कॅनेडियन माणसाचा गेम. पैसे लावायची सोय त्यात कुठेच नाही. तरी युरोपच्या ‘पेगी’ संस्थेने त्याला अठरा वर्षांवरील ठरवले आणि अपिलानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ते बारा केले. खेळणाऱ्यांनी सुरुवातीपासून हेच सांगितले होते की हा जुगार नाही, हिशेबाचे कोडे आहे. इथे त्यांचे मत संस्थेच्या आधी बरोबर निघाले.

‘ब्लू प्रिन्स’ने एप्रिल २०२५ मध्ये कोडे आणि नशीब एकत्र बांधले: वाड्यातल्या खोल्या रोज नव्याने, हाती येतील तशा मांडायच्या. उत्तर कळूनही हवी ती खोली येत नाही म्हणून संतापलेले आणि त्यामुळेच दर दिवशी नवे काही सापडते म्हणून हरखलेले, असे दोन तट पडले आहेत. समेट दिसत नाही.

मते गोळा करणारे यंत्र

स्टीमवर अंगठ्यांची टक्केवारी काढून वर शब्दांत शेरा लागतो. सत्तर टक्क्यांच्या खाली गेले की ‘मिश्र’. हा शेरा छोट्या गेमला फार महाग पडतो. एकगठ्ठा रागाने टाकलेली, गेमशी संबंध नसलेली मते वगळायची व्यवस्था स्टीमने २०१९ मध्ये केली. ती आवश्यक होती. पण मत लिहिणाऱ्याच्या नावापुढे खेळल्याचे तास दिसतात. तो कितव्या लेव्हलवर होता ते दिसत नाही, आणि कोड्याच्या गेममध्ये नेमके तेच हवे असते.

निराळी पद्धत अस्तित्वात आहे. २००२ पासून चालणाऱ्या ‘लुडम डेअर’ या गेम करण्याच्या स्पर्धेत सहभागी लोक एकमेकांच्या गेमला नावीन्य, मजा, चित्र, आवाज, वातावरण असे वेगवेगळे गुण देतात. त्यामुळे ‘कल्पना विलक्षण, हाताला मात्र जड’ असे मत आकड्यांतही उतरते. टीका अशी की ते करणारेच करणाऱ्यांना गुण देतात, आणि सामान्य ग्राहक एवढे रकाने भरणार नाही. दोन्ही रास्त आहेत. तरी कोड्यांच्या गेमला ‘कुठपर्यंत गेलात’ हा एक रकाना जोडणे अवघड नाही.

आणखी दोन गोष्टी धूसर आहेत. पहिली, वर्गणीची. अ‍ॅपल आर्केड २०१९ मध्ये भारतात महिना ९९ रुपयांना सुरू झाले. ‘थ्रीज’ आणि ‘मॉन्युमेंट व्हॅली’ही पुढे तिथे गेले. एकेका गेमचे पैसेच मोजले नाहीत तर किमतीवरून होणारी तक्रार संपते, पण अर्ध्यावर सोडणेही सोपे होते. त्याने मते सौम्य होतील की उथळ, हे ठरायला वेळ लागेल. दुसरी, गप्प बसणाऱ्यांची. ‘मॉन्युमेंट व्हॅली’सारखा सोपा आणि देखणा गेमसुद्धा निम्म्याच खेळणाऱ्यांनी पूर्ण केल्याचे त्याच्या कर्त्यांच्या आकड्यांत दिसते. सोडून गेलेले बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत. त्यांना काय वाटले, याचा अंदाजही मतांच्या ढिगाऱ्यातून काढता येत नाही.

शेवटी भाषा. स्टीमवर मत लिहिताना भाषा निवडावी लागते. त्या यादीत मराठी नाही आणि हिंदीही नाही. महाराष्ट्रातून हे गेम खेळणारे मत देतात ते इंग्रजीत, बहुधा दोन ओळींत. ‘वेनबा’तल्या इडलीपात्राविषयी, ‘वर्डल’च्या देवनागरी घरांविषयी जे इथल्या माणसाला सहज दिसते, ते त्या दोन ओळींत येत नाही. यादीत नाव येण्याची वाट पाहायची गरज नाही. मजकुराच्या चौकटीत देवनागरी उमटते. तेव्हा एखादा छोटा गेम आवडला किंवा अर्ध्यावर टाकला, तर मराठीत लिहा. कितव्या लेव्हलवर अडलात, किती दिवस अडलात, पुढे सुचले की नाही, एवढे जरूर लिहा. उत्तर मात्र लिहू नका.